रेघ कुठवर येते

सुनंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरने केला. मॅडम शेतात कोसळल्या, एवढंच तो म्हणाला, आणि मी आधी पायाखालच्या फरशीकडे पाहिलं... आमच्या घरात वाईट बातमी जमिनीतूनच येणार, असं माझ्या मनाने धरून ठेवलं होतं. पण थांबलं होतं ते ताईंचं हृदय.

ताई माझ्या थोरल्या नणंद. मराठवाड्यातल्या भूकंपात दगडमातीचं घर पडलं, तेव्हा त्या शाळकरी होत्या. आई त्यातच गेली. त्या आणि धाकटा भाऊ, म्हणजे माझे यजमान, ढिगाऱ्यातून वाचले आणि काकांबरोबर पिंपरीला आले. हे त्याबद्दल कधी बोलले नाहीत. ताईंनी मात्र जमिनीचाच अभ्यास धरला. जमिनीत सळया ठोकून वीज सोडायची, खाली खडक कुठे तुटलाय ते ओळखायचं, नकाशावर त्या भेगेची रेघ ओढायची, आणि ती अलीकडे कधी हललीय का ते शोधायचं... हे त्यांचं काम. तळेगावपासून चाकणपर्यंत त्या त्यासाठी फिरल्या.

एका दुपारी त्या आमच्या चिखलीच्या फ्लॅटवर आल्या. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

"रेखा, एक रेघ तुमच्या सोसायटीकडे येतेय," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे की नाही, अजून कळत नाही."

त्यानंतर रस्त्यावरून कंटेनर गेला आणि मांडणीतली ताटं वाजली, तरी मी मुलीला उचलून जिन्याकडे पळायची. ताईंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं, तेव्हा लोक चिडले. पोराबाळांच्या घरात कशाला भीती घालता, असं अध्यक्षांनी विचारलं. ताई उभ्या राहिल्या. "मी स्वतःच घाबरलेय. म्हणून तर खणून बघू म्हणतेय."

शेवटी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर चर खणला. ताई आत उतरल्या. मी काठावरून वाकून बघत होते... खडकातली भेग स्पष्ट दिसत होती. तिच्यावरच्या मातीच्या थरांवरून ताई कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिल्या. थर कुठेही तुटले नव्हते. म्हणजे ही माती साचल्यापासून भेग हललेली नव्हती. ताई तिथेच बसून रडल्या. वर आल्यावर मात्र बजावलं, हे फक्त इथलं. रेघ पुढे चाकणकडे जाते, तिकडचं अजून बघायचंय. ते बघतानाच त्या गेल्या. तिकडचं काम अर्धवट पडलंय.

कुणाच्याही घरी गेल्या की ताई आधी कपाट हलवून बघायच्या. आमचं लोखंडी कपाट पलंगाशेजारी डुगडुगायचं. त्या दर वेळी टोकायच्या, हे हसण्यावारी न्यायचे. गेल्या रविवारी ह्यांनी ते पट्ट्या मारून भिंतीला आवळलं, दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि खाली बसले. लग्नानंतर पहिल्यांदाच म्हणाले, "आईच्या अंगावर धान्याची कोठी आली होती. ताई एकटीच ती ढकलत होती..."

मी पलंग कपाटापासून लांब, दाराकडे ओढला.