आगटीपुढचा महाभियोग

अमेरिकेच्या अध्यक्षावर महाभियोग चालला, त्या हिवाळ्यात मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला पाच विरुद्ध शून्य मतांनी दोषी ठरवलं.

मी तेव्हा औरंगाबादला सिडकोतल्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. हा विषय मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचतात आणि शिक्षक वर्गाकडे जाता जाता. अशा माणसाच्या घरी नवीन केबल आली आणि त्या केबलवर जगातल्या सगळ्यात मोठ्या लोकशाहीची (की दुसऱ्या क्रमांकाच्या? मुलांना मी सोयीनं सांगायचो) चौकशी लागली! मग काय विचारता. आमच्या वॉर्डाचा नगरसेवक मला ओळखू आला नसता, पण त्या चौकशी समितीत कोण कुठल्या बाजूला बसतो हे मला पाठ होतं. बायको सुनंदा म्हणायची, "अहो, गॅस संपलाय." मी म्हणायचो, "थांब, साक्ष चालू आहे." फोन वाजला तरी टीव्हीवरची नजर न हलवता "हो, हो, बरं, चालेल" म्हणून मी तो खाली ठेवायचो.

आमची शेती लासूर स्टेशनजवळ. ती दादा बघायचा. मी शिकावं म्हणून त्यानं सातवीत शाळा सोडली होती. हे त्यानं मला कधी ऐकवलं नाही, आणि मीही ते फारसं आठवत बसलो नाही. उलट रविवारी गावी गेलो की मीच त्याला शिकवायचो.

"म्हंजे नेमकं केलं काय त्या अध्यक्षानं?" बैलांना वैरण टाकता टाकता दादानं विचारलं.

"खोटं बोलला. शपथेवर."

"कशापायी?"

मी दारात बसलेल्या मायकडे बघितलं. "ते जाऊ दे. प्रश्न खोटं बोलण्याचा आहे. माणूस किती का मोठा असेना, खोटं बोलला की त्याला जाब द्यावाच लागतो."

"आन् ज्यानं खोटं बोलून दुसऱ्याचं झाकलं, त्याला?"

"त्यालाही."

"लई कडक कायदा हाय," दादा म्हणाला आणि पेंढी सोडायला लागला.

आमच्याकडे दरवर्षी विहिरीजवळच्या पट्ट्यात गूळभेंडी ज्वारी असायची. ती फक्त हुरड्यासाठी. कणसं दुधातून दाण्यावर आली की घरचे सगळे शेतात जमायचे. थोरल्या भावानं आगटी पेटवायची, पहिलं कणीस त्यानं चोळायचं आणि पहिली मूठ प्रत्येकाच्या हातावर त्यानंच ठेवायची, ही आमच्या घरची रीत. त्या वर्षी मी ऐटीत आमच्या हेडमास्तरांना आणि चार शिक्षकांना हुरड्याचं आमंत्रण दिलं. दादाला पंधरा दिवस आधी निरोप धाडला. हेडमास्तरांच्या हातात माझ्या बढतीचा कागद होता, हा निव्वळ योगायोग!

ठरल्या दिवशी पाच पाहुणे आणि सुनंदा यांना घेऊन मी शेतावर पोचलो. आगटीचा खड्डा तयार, गोवऱ्या रचलेल्या, वहिनीची जवसाची चटणी तयार, गूळ, दही, बोरं, सगळं मांडलेलं. फक्त पट्ट्यात कणसं नव्हती. नुसती धाटं उभी होती.

"दादा, हुरडा कुठंय?"

दादानं डोक्यावरचं उपरणं काढून परत बांधलं. "पाखरांनी खाल्लं रे. औंदा पाखरं लई."

इथं एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. मी पट्ट्यात शिरलो. पाखरं दाणे टिपतात, कणीस तोडून नेत नाहीत. इथं प्रत्येक धाटाचा शेंडा विळ्यानं कापलेला होता. मी एक धाट उपटलं आणि पुरावा म्हणून हेडमास्तरांसमोर ठेवलं.

"सर, हा बघा विळ्याचा छेद."

"वा," हेडमास्तर म्हणाले. ते सकाळपासून उपाशी होते.

तिथून पुढं माझा ताबा सुटला. मी बांधावर उभा राहिलो. वहिनीला म्हणालो, "वहिनी, खरं सांगा, कणसं कुणी कापली?" वहिनी दादाकडे बघून म्हणाली, "मला नाय ठावं, भावजी." साक्षीदारावर दबाव! मी हे कलमही जोडलं. मग मायची साक्ष. माय म्हणाली, "मला ऐकू येत नाय." (तिला शेजारच्या मळ्यातली कुजबूज ऐकू यायची.) सुनंदा माझी बाही ओढत होती. मी ती झटकली आणि दोन आरोप वाचून दाखवले. एक, घरच्या माणसाशी खोटं बोलणं. दोन, चौकशीत अडथळा आणणं.

"आरोप मान्य असलेल्यांनी हात वर करावेत."

हेडमास्तरांनी हात वर केला. त्यांना वाटलं, यानंतर जेवण असेल. हेडमास्तरांनी केला म्हणून चौघा शिक्षकांनी केला. घरच्यांपैकी कुणीच हात वर केला नाही. मी फिर्यादी, म्हणून मी मत दिलं नाही. नियम म्हणजे नियम.

"बरं," दादा म्हणाला. "आता शिक्षा काय?"

याचा मी विचारच केला नव्हता. "पदावरून दूर," मी म्हणालो.

"कोन्तं पद?"

मी इकडंतिकडं बघितलं. "आज आगटी तू पेटवायची नाहीस."

दादानं खिशातली काडेपेटी काढून माझ्या हातावर ठेवली आणि बांधावरून निघून गेला. मी अर्धी पेटी संपवली. आगटी पेटली नाही, धूर मात्र झाला आणि तो सगळा हेडमास्तरांच्या डोळ्यात गेला. एवढ्यात दादा परत आला. शेजारच्या मळेकऱ्याकडून हात जोडून मागून आणलेली कणसं त्याच्या खांद्यावर होती. त्यानं ती माझ्यापुढं टाकली, एका फुंकरीत जाळ केला आणि बैलांकडे जाऊन बसला. पाहुण्यांनी पोटभर हुरडा खाल्ला. दादानं त्यातला दाणा तोंडात टाकला नाही. मी त्याला बोलवायलाही गेलो नाही. आज हे लिहितानाही लाज वाटते.

संक्रांतीला वैजापूरहून माझे सासरे तिळगूळ घेऊन आले. बसल्या बसल्या म्हणाले, "जावईबापू, त्या ऐतवारी तुमच्या दादानं लई लाड केले बरं का आमचे."

"कुठल्या ऐतवारी?"

"तुम्हीच फोनवर म्हणाले की, या हुरड्याला. बारा जण जीप करून गेलो. तुम्हाला शाळेच्या कामापायी येता आलं नाय, असं दादा म्हणले. म्हणले, इलासनंच सांगून ठेवलंय, समदा पट्टा पाहुण्यांसाठीच हाय."

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. त्या फोनमधला एक शब्दही मला आठवत नव्हता. टीव्हीवर साक्ष चालू असणार. बारा माणसं बोलावून मी विसरलो होतो. आम्ही जाण्याच्या आदल्याच रविवारी दादानं सगळा पट्टा कापून त्यांना खाऊ घातला, माझं नाव राखलं, आणि सुनंदाला कळून घरात भांडण नको म्हणून पाखरांवर ढकललं. त्याच खोट्यासाठी मी त्याला परक्या माणसांसमोर उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं लासूर गाठलं. रस्ताभर माफीचं भाषण तयार केलं होतं, ते दादासमोर दोन वाक्यांत संपलं.

"जाऊ दे," दादा म्हणाला. "खोटं तर मी बोललोच व्हतो. तुझा कायदा बरोबर हाय. च्या घे."

त्यानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पुढं तिकडं अमेरिकेत वरच्या सभागृहानं अध्यक्षाला सोडून दिलं आणि तो आपल्या खुर्चीवर परत कामाला लागला. मी टीव्ही बंद केला.

पुढच्या हिवाळ्यात गावातल्या दुकानावरून दादाचा फोन आला. जन्मभर मला 'इल्या' म्हणणारा माणूस म्हणाला, "सर, येत्या ऐतवारी हुरडा ठिवलाय. सहकुटुंब यायचं करा." तेव्हापासून दरवर्षी असा फोन येतो. आपल्या शेतात जायला मला आमंत्रण लागतं. मी गेलो की घरचे सगळे पोत्यावर बसतात आणि माझ्यासाठी खुर्ची येते. पहिली मूठ दादा माझ्याच हातावर ठेवतो, पाहुण्याला ठेवावी तशी. महाभियोग मी दादावर चालवला, पद मात्र माझं गेलं, आणि धाकट्या भावाच्या जागेवर परत घ्या म्हणून अर्ज कुठं करायचा, हे बत्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवूनही मला ठाऊक नाही!