कात्रीबाईंची शेवटची ओळ

तमाम मराठी जनांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, 'दुबईतील नंबर वन' या शब्दांचा आमच्या ऑफिसात एका बाईंनी भरदिवसा खून केला. मी साक्षीदार आहे. आरोपीला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही.

त्या आमच्या कात्रीबाई. नागपूरला एका वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर लोकांचे शब्द छाटत पंधरा वर्षं काढून दुबईत आलेल्या. अल मनखूलमधल्या आमच्या जाहिरात कंपनीत तेव्हा नवंच काम सुरू झालं होतं. इंटरनेटवर कुणी काही शोधलं की पानाच्या उजव्या कडेला येणाऱ्या इवल्याशा जाहिराती लिहायच्या. कुणी टिचकी मारली की जाहिरातदाराचे पैसे कापले जायचे.

मथळ्याला पंचवीस इंग्रजी अक्षरं, खालच्या दोन ओळींना पस्तीस-पस्तीस. मोकळी जागासुद्धा अक्षर धरायची. आम्ही कॉम्प्युटरवर मोजायचो, बाई बोटांच्या पेरांवर. आणि चुकायचो आम्ही. एकदा मी 'अप्रतिम सेवा' असं लिहून कौतुकासाठी उभा राहिलो. म्हणाल्या, "ज्याचा एसी बंद पडलाय तो 'अप्रतिम' शोधतोय का रे? तो जे टाइप करतो तेच त्याला दाखव. बाकीचं बायकोला लिही." बायकोला लिहिलं. तिलाही पटलं नाही.

एका एसी दुरुस्तीच्या कंपनीची जाहिरात साहेबांनी जातीने लिहिली होती: दुबईतील नंबर वन एसी कंपनी. टिचक्याच टिचक्या. साहेब हवेत. बाईंनी मात्र लोक नेमकं काय शोधून तिथं येतात त्याची यादी काढली. निम्म्याहून जास्त जण व्हिजिट व्हिसावर येऊन नोकरी धुंडाळणारे. बाईंनी 'नंबर वन' उडवलं आणि शेवटी एक ओळ घातली: फक्त दुरुस्ती. नोकऱ्या नाहीत.

आठवड्यात टिचक्या निम्म्यावर आल्या. साहेब भडकले. ओळ काढा, नाहीतर व्हिसा कॅन्सल, खलास. बाईंच्या यजमानांची नोकरी त्याच महिन्यात गेली होती, मुलगी दहावीला. घर बाईंच्या पगारावर उभं आहे हे साहेबांनाही ठाऊक होतं. बाईंनी कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. "तुम्ही काढा, सर. मी खोटं लिहिलेलं नाही, त्यामुळे मी खोडणार नाही."

कुठं दाबायचं ते साहेबांना येत नव्हतं, आणि विचारणं पदाला शोभत नव्हतं.

शेवटी माफी मागायला त्यांनी बाईंना क्लायंटकडे, म्हणजे त्या एसी कंपनीच्या मालकांकडे नेलं. गाडी चालवायला मी. साहेबांनी घसरलेल्या टिचक्यांचा आलेख टेबलावर पसरला, भरपूर हळहळले आणि बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "माफी मागण्यासारखं काही झालेलं नाही."

बाई पुढे सात वर्षं त्याच खुर्चीत बसल्या. मग मुलीकडे कॅनडाला गेल्या. आजही मी कुठलीही ओळ लिहिली की पेरांवर मोजतो. पण त्या दिवशी त्यांची नोकरी वाचली ती साहेबांच्या दयेनं नव्हे. एसी कंपनीचे फोन घेणारी, रिसेप्शनवरची मंगळूरची मुलगी सही घ्यायला आत आली होती. मालकांनी सहज तिला विचारलं, ती नोकरीवाली ओळ काढून टाकू का. ती फाइल छातीशी धरून जवळजवळ किंचाळलीच, "नहीं सर, प्लीज! अब जो फोन करता है, उसका सच में एसी खराब होता है!"