मुक्याने आणायची गौर

आमच्याकडे गौर खड्यांची. घरातल्या बाईने पाण्याकाठचे खडे वेचायचे आणि ते पाटावर मांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढे कुणीतरी घंटा वाजवत चालायचं. बडोद्यातले आमचे बाकीचे नातेवाईक सोसायटीच्या नळापाशी खडे ठेवून मोकळे होतात. आईला ते चालत नाही. तिला मही नदीचेच खडे लागतात.

बाबांच्या ते पथ्यावरच पडायचं. ते शाळेत भूगोल शिकवत आणि महीची कोतरं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नदीने आणि पावसाने कापलेल्या मातीच्या उंच भिंती; वर पिवळट माती, मध्ये तांबडी, तळाशी गोट्यांचा थर. त्या थरात कधीकधी दगडाची पाती सापडत, कुणा आदिमाणसाने फोडून धार काढलेली.

"तुझी गौर आणि त्याची सुरी एकाच घरची गं," असं म्हणून बाबा आईला चिडवायचे.

त्या वर्षी पाहतो तर मातीच्या डंपरवाल्यांनी भिंतीचा पायाच कोरून नेलेला. बाबा भयंकर संतापले, आणि संतापून झाल्यावर उघड्या पडलेल्या थरात काही मिळतंय का ते बघायला तिथेच वाकले. आईने खडे वेचून ताम्हनात ठेवले. मी घंटा वाजवत पुढे निघाले.

मागून बाबांचा हसरा आवाज आला, "हो हो, आलोच! देवीला ताटकळत नाही ठेवत."

मी वळले. आई एका हाताने ताम्हन धरून दुसरा हात जोरजोराने हलवत होती. भिंतीच्या माथ्यावरून माती भुरभुरत होती. मग सगळी भिंतच खाली आली. आईची किंकाळी त्यानंतर फुटली.

हात हलवण्याऐवजी नुसतं 'अहो' म्हटलं असतं तर? मी तिला हे कधीच विचारलं नाही. तिला ते माहीत आहे. मला त्या नियमाची चीड येते आणि डंपरवाल्यांची त्याहून जास्त. ते अजून तिथे माती काढतात.

आई अजूनही दर भाद्रपदात महीवर जाते. मी सोबत असते, घंटा मात्र नेत नाही. बोलत आणलेली गौर पावत नाही, असं काकू दरवर्षी ऐकवतात. आई लक्ष देत नाही. खडे हातात घेतले की ती त्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने बोलू लागते.

"अहो, बाजूला व्हा. ऐकताय ना? बाजूला व्हा आधी."