एक गणित, एक हूक

“तू एक गणित कर, मी एक हूक लावतो. पाहू कोनाचं पयले होते!” असं म्हणून खाला सुईत दोरा ओवायची आणि माझी मुलगी पेन्सिल उचलायची.

खाला म्हणजे मावशी. आमची ही खाला म्हणजे डोणगावात आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी, ब्लाऊज शिवणारी बाई. अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. तुमचं लेकरू तिच्याकडे पळत नसेल, तर तुम्ही सुखी आहात. मी जळत होते.

मुलगी तिसरीत गेली आणि अभ्यास एकदम अंगावर आला. रोज चार वह्या, पाढे, स्पेलिंग. सकाळी पोट दुखायला लागलं, शाळेची रिक्षा आली की दाराची कडी सोडेना. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दुसऱ्यांची लेकरं शिकवते, हिला शिकवणं काय अवघड! लाल पेन घेऊन तिच्या डोक्यावर बसले. ती बेरीज मांडायच्या आधीच खोडरबर शोधायची.

एकदा मला मीटिंगला उशीर झाला, म्हणून ती दप्तरासकट खालाकडे बसली. संध्याकाळी जाऊन पाहते तर वही पूर्ण!

“काय शिकवलंत हो तुम्ही?”

“मी काय शिकवतो मॅडम? मले कुठं वाचता येते. मी आपले हूक लावून राह्यली होती.”

गणित चुकून मुलगी रडकुंडीला आली, की खाला आपला उलटा लागलेला हूक दाखवायची. “हे पाय, माह्यंही चुकलं. काऊन रडतं बेटा? उसवू अन् परत लावू.” मला तर शंका आहे, ती मुद्दाम उलटा लावायची. मला हे सुचलं नाही, याचाच राग.

पोटदुखी थांबली. उपकार मानायचे सोडून मी काय करावं? एकदा मुलगी म्हणाली, “आई, तू नको, खाला पाहिजे.” मी भिंतीपलीकडे जाईल अशा आवाजात ओरडले, “तिला स्वतःचं नाव तरी लिहिता येतं का?” पलीकडची मशीन थांबली. दुसऱ्या दिवशी खालाने मुलीच्या हाती वाटीभर शेवया पाठवल्या. माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत.

मग खाला संग्रामपूरला लेकीकडे राहायला गेली. खरं सांगते, मला बरं वाटलं. पण मुलगी रोज संध्याकाळी माझ्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावायची. तिकडे हूक, इकडे गणित. मी भाकरी जरा जोरातच थापायचे.

एका दुपारी खालाचा मलाच फोन आला. “मॅडम, आजपासून मी पोरीचा फोन उचलनार नाही.”

“असं का? तिचा अभ्यास तर चांगला चाललाय!” मीच म्हणाले, बघा.

“तिची माय घरात हाय नं. तुम्ही फकत बाजूले बसा. लाल पेन नोका घेऊ.”

मुलगी परत देतानाही मला शिकवून गेली बाई! तेव्हाही मी जळले.

संध्याकाळी मुलीने तीनदा फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. मी मेथीची जुडी घेऊन तिच्या शेजारी बसले.

“आई, खाला रागावली का माझ्यावर?”

“तुझ्यावर नाही गं. रागवायचं तर माझ्यावर होतं. तेही तिला जमलं नाही.”

 ती फोन बाजूला ठेवून, वही घेऊन माझ्या मांडीला मांडी लावून बसली.