दाराकडं तोंड केलेल्या चपला

काकूंना राखायला माझी नेमणूक झाली त्या दिवशी त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला, "जेवलीस का?" मी म्हटलं, ड्यूटीवर असताना आम्ही जेवत नाही. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत बघून आवाज दिला, "हिला ताट वाढा गं." दुसरा प्रश्न त्यांनी मी जेवताना विचारला. "कोणापासून राखणार मला?"

मी नांदेडची. तिथल्या इतवारा भागात अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. अकरा वर्षं पोलिसात काढली, त्यातली निम्मी मोठ्या लोकांच्या मागंपुढं बंदोबस्तात उभं राहण्यात गेली. मग खाकी उतरवली आणि नांदेडच्याच एका खाजगी एजन्सीत अंगरक्षक म्हणून लागले. आमच्या धंद्यात बायका थोड्या, त्यामुळं काम बरं मिळायचं. मंत्र्यांच्या बायका पाहिल्या, कारखानदार पाहिले, नटीही एक पाहिली. पण राखायला आलेल्या माणसाला बळंच जेवू घालणारी बाई ही एकच.

काकू औसा तालुक्यातल्या एका खेड्याच्या सून. भूकंपात घर गेलं. यजमान शेतीवर राहिले आणि काकू लातूरला आल्या. तेव्हा क्लासेसचं वारं नुकतंच सुटलं होतं. गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहत होत्या आणि त्यांना घरचं जेवण हवं होतं. काकूंनी पत्र्याच्या दोन खोल्यांत बारा पोरींची मेस सुरू केली. क्लासेस फुगत गेले तशी मेस फुगली, आणि मी आले तेव्हा काकूंची मुलींची तीन वसतिगृहं होती, ट्रस्ट होता, कलेक्टर घरी चहाला यायचे. त्यातलं एक वसतिगृह मोक्याच्या चौकात होतं. ती जागा एका बिल्डरच्या डोळ्यांत भरली. काकू विकेनात. मग फोन सुरू झाले, एकदा खिडकीवर दगड आला, आणि ट्रस्टींनी घाबरून मला ठेवलं.

वसतिगृहातला एक नियम आल्या आल्या माझ्या नजरेस पडला. प्रत्येक पोरीच्या पलंगाशेजारी तिच्या चपला, आणि सगळ्या चपलांची तोंडं दाराकडं. संध्याकाळी काकू खोल्याखोल्यांतून फिरायच्या आणि एखादी चप्पल तिरकी दिसली की पायाच्या अंगठ्यानं सरळ करायच्या. पोरी मागं हसायच्या. धर्माबादहून लेकीला सोडायला आलेल्या एका बापानं तर हे कुठल्या महाराजांनी सांगितलंय म्हणून पत्ता विचारला होता. मला मात्र ते एकदम ओळखीचं वाटलं. मी काकूंना सांगितलं, आमच्या धंद्यातही गाडी लावताना तिचं तोंड रस्त्याकडं ठेवतात, वेळ आली तर वळवत बसायला नको. काकू खूश झाल्या. म्हणाल्या, "मग तुमचे साहेब बी भूकंपातले दिसतात."

त्यांची ती गोष्ट मला महिनाभरानं कळली. दुपारी मेसमध्ये आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. होय, अंगरक्षक तांदूळ निवडत होती. त्यांच्यासमोर हात मोकळे ठेवायची सोयच नव्हती. ताटावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "घर हललं तशी मी उठले आन् पळाले. नणंद माझ्या शेजारीच निजली होती. हात लांबवला असता तर लागली असती. न्हाई लांबवला. अंगणात आल्यावर मागं बघितलं, तर घर न्हाई."

मी म्हटलं, "काकू, त्या वेळेला कोणीपण पळालं असतं."

"तू होतीस का तिथं?"

भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते. आमच्या नांदेडच्या घरात फळीवरची भांडी वाजली होती आणि अम्मीनं आम्हा बहिणींना वेण्या धरून रस्त्यावर ओढलं होतं. अम्मीनं मागं-पुढं काही पाहिलं नव्हतं, हाताला लागेल ती वेणी धरली होती. ते मी काकूंना सांगितलं नाही.

"मी पळालेली बाई हाय," काकू म्हणाल्या. "आता म्हणते, पोरींवर वेळ आली तर सगळ्यांच्या शेवटी निघीन. पण बोलाया काय जातंय? वेळ आल्यावर पाय कुणाचं ऐकत न्हाईत. माझे पाय मला ठाऊक हायेत." आणि एक खडा काढून बाजूला ठेवला.

तेव्हापासून मला त्यांच्या चपला पाहवेनात. आपले पाय पुन्हा पळतील ही एकच भीती त्या बाईनं वीस-बावीस वर्षं पोटात धरली होती, आणि बिल्डरची भीती तिच्यापुढं काहीच नव्हती. मी ज्यापासून त्यांना राखत होते ते त्यांच्या खिजगणतीतही नव्हतं.

मग लंडनचं आमंत्रण आलं. आपत्तीनंतर पुन्हा उभ्या राहिलेल्या जगभरातल्या लोकांची परिषद होती, आणि काकूंना तिथं बोलायचं होतं. अर्ज वसतिगृहातल्याच एका पोरीनं भरला. त्यात 'आपल्याला धमक्या येतात का' असा रकाना होता, तिथं तिनं प्रामाणिकपणे 'होय' लिहिलं. झालं! तिकडून निरोप आला की अंगरक्षक बरोबर आणा. ट्रस्टींनी कपाळाला हात लावला, धमक्या लातुरात आणि राखण लंडनला. माझी मात्र चांदी झाली. इतवाऱ्यात अब्बांनी दुकानासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं.

परिषदेत दोन-तीन देशांचे मंत्री होते, मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब होते, म्हणून सगळ्या पाहुण्यांना एकाच हॉटेलच्या एकाच मजल्यावर ठेवलं होतं. सातव्या. काकूंनी तळमजला मागितला. सुरक्षेचं कारण सांगून आयोजकांनी नाही म्हटलं. तिथल्या सुरक्षा कंपनीचा प्रमुख एक उंचापुरा, दाढीवाला, हळू बोलणारा गृहस्थ होता. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हा सगळ्या अंगरक्षकांना जिना दाखवला आणि नियम सांगितला. घंटा वाजली की आपलं माणूस धरायचं, डाव्या जिन्यानं खाली न्यायचं, वाटेत कोणाकडंही बघायचं नाही. नियम चोख होता. मीही पोलिसात हेच शिकले होते. मी तो काकूंना मराठीत सांगितला.

"आन् बाकीचे?"

"त्यांना त्यांची माणसं आहेत."

"ज्याला माणूस न्हाई त्याला?"

"काकू, हे वसतिगृह नाही," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. मला राग आला होता. मी तिथं काम दाखवायला गेले होते, आणि हा प्रश्न विचारायचा नसतो.

तीन रात्री काकू पलंगावर आडव्या झाल्या नाहीत. दाराजवळच्या खुर्चीत बसून डुलक्या काढायच्या. चपला खुर्चीपुढं, तोंडं दाराकडं, आणि गालिचा मळू नये म्हणून त्यांच्याखाली एक कागद. सकाळी त्यांचे डोळे लाल असायचे. भाषण गुरुवारी होतं आणि मला वाटायला लागलं होतं की काकू मंचावरच झोपणार.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी त्यांच्या खोलीत इरकल साडीला इस्त्री करत होते. काकू शेंगदाण्याची चटणी दोन डब्यांत वाटत होत्या, एक डबा त्या दाढीवाल्यासाठी. आणि घंटा वाजली. साधीसुधी नव्हे, भिंतीतून, छतातून, सगळीकडून. मी इस्त्रीचं बटण बंद केलं, एवढं तरी माझ्या बाजूनं इथं लिहून ठेवते. वळले तर काकू उभ्या होत्या आणि चपला त्यांच्या पायांत होत्या. कधी घातल्या ते मला दिसलंच नाही.

मी त्यांचा दंड धरला आणि दार उघडलं. डावीकडं जिना, वीस पावलांवर. काकू डावीकडं वळल्याच नाहीत. त्या समोरच्या दारापाशी गेल्या आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या.

"भाईर! भाईर चला! उठा!"

"काकू, चला!"

"सोड. सगळी निघाली का बघू दे."

मी दंड सोडला नव्हता. त्यांना उचलून नेणं मला जड नव्हतं, त्याहून दांडगी माणसं मी उचलली आहेत. नियम तेच सांगत होता. पण त्यांच्या दंडाला कापरं भरलं होतं, भीतीनं अख्ख्या थरथरत होत्या, आणि तरी पाय त्या दारापुढून हलत नव्हते. ते पाय मी बघितले. मग मी दंड सोडला आणि शेजारचं दार बडवायला घेतलं.

त्या मजल्यावरची चौदा दारं आम्ही दोघींनी बडवली. मी इंग्रजीत ओरडत होते, काकू औशाच्या मराठीत, आणि लोक काकूंचं ऐकून बाहेर येत होते. अर्ध्या गालाला साबण लावलेले एक मंत्री आले. एक कंपनीवाले साहेब टॉवेलवर आले, त्यांचा अंगरक्षक मागून पँट घेऊन धावत होता. एक दार काही केल्या उघडेना. काकूंनी पायातली चप्पल काढली आणि तिनं दार ठोकलं. आतून कानातलं यंत्र हातात घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई निघाल्या. त्यांच्याबरोबर कोणीच नव्हतं. काकूंनी त्यांना काखेत धरलं, आणि आम्ही सगळ्यांच्या शेवटी जिना उतरलो. घंटा केव्हाच बंद झाली होती, हे मला तिसऱ्या मजल्यावर कळलं. काकूंना कळलंच नाही.

खाली फुटपाथवर सगळे थंडीत कुडकुडत उभे. काकूंनी बोटानं एकेकाला मोजायला सुरुवात केली, वसतिगृहात पोरींना मोजायच्या तशी. दाढीवाला धावत आला. त्याचा चेहरा पाहूनच मी समजले, आग नाही. ही दर बुधवारची तपासणी होती. घंटा चालते का, एवढंच बघतात. तशी सूचना पाहुणे आले त्याच दिवशी प्रत्येक दाराखालून सरकवली होती, बाकीच्या सगळ्यांनी वाचली होती. तरी सगळे निघाले कसे, असं मी एकाला नंतर विचारलं. तो म्हणाला, त्या बाईंचा आवाज ऐकून सूचनेवरचा विश्वास उडाला.

आमची सूचना कुठं होती ते मला तिथंच आठवलं. काकूंच्या चपलांखाली. दिवसातून दहादा मी त्या चपला बघत होते, आणि कागद एकदाही बघितला नव्हता.

दाढीवाला मला बाजूला घेऊन हळू आवाजात झाडत होता. तू नियम मोडलास, आपलं माणूस सोडलंस, खरी आग असती तर? त्याचं सगळं बरोबर होतं. मी मान खाली घालून ऐकलं. काकू जवळ आल्या. "काय म्हणतोय त्यो?"

"खोटी घंटा होती काकू. दर आठवड्याला वाजवून बघतात."

काकूंनी मोजणारं बोट खाली घेतलं. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

"खोटी हाय हे मला ठाऊक होतं का?"

"नव्हतं."

"तुला?"

"मलाही नव्हतं."

"मग माझ्यासाठी खरीच की," त्या म्हणाल्या, आणि तिथंच फुटपाथवर बसल्या. आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या. त्या कानाच्या यंत्रवाल्या म्हाताऱ्या बाई शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मीही रडले. ड्यूटीवर रडायचं नसतं, पण त्या दिवशी एवीतेवी सगळे नियम मोडलेच होते.

दाढीवाल्याचा अहवाल नांदेडला पोचला. एजन्सीच्या मालकांनी मला उभं करून खडसावलं, परदेशातलं काम पुन्हा दिलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं, आजही थोडं वाटतं. अब्बांनी मात्र लोकांना सांगितलं की पोरीनं अख्खा मजला वाचवला. आग नव्हती हे ते कोणाला सांगत नसत.

पण त्या बुधवारी दुपारी काय झालं ते अहवालात नाही. आम्ही वर आलो. चटणीचा डबा मी दाढीवाल्याला देऊन आले, त्यानं घेतला. परत येऊन बघते तर खुर्ची रिकामी. काकू पलंगावर आडव्या झाल्या होत्या, तोंड उघडं टाकून, घोरत. एक चप्पल पलंगाखाली उलटी पडली होती, दुसरी न्हाणीघराच्या दारात. दोन्हींची तोंडं भलतीकडंच.

मी दोन्ही उचलल्या, पलंगाशेजारी आणून ठेवल्या आणि त्यांची तोंडं दाराकडं केली. ते काम आता माझं होतं. मग दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.