सुतकातली शपथ

आमचा गट माझ्या शिलाई मशीनपाशी जन्मला, हे आज गावात कोणी कबूल करणार नाही. पण ब्लाउजचं माप देताना बायका जे बोलतात ते ग्रामसभेत कधी बोललं जात नाही. त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, सडा विकला. गावाच्या डोक्यावरचं ते काजूंचं आणि कातळाचं पठार दिल्लीकडच्या कुठल्याशा कंपनीने घेतलं होतं आणि तिथे बंगले उठणार होते. सड्याच्या पायथ्याशी आमची झर आहे, बारा महिने वाहणारा झरा. पेडण्याच्या या कोपऱ्यात मे महिन्यात नळ कोरडे पडतात, तेव्हा सगळा वाडा, म्हणजे आमची वस्ती, त्या झरीवर तगतो. वर पोहण्याचे तलाव झाल्यावर खाली काय उरणार, हे सांगायला इंजिनियर लागत नव्हता.

शेजारच्या वाड्यातली माझी मैत्रीण पहिल्यांदा म्हणाली, नुसतं बडबडून काय होणार, घरोघर जाऊया. आम्ही दोघी गेलो. उन्हातान्हात, कोणी चहा दिला, कोणी कुत्रं सोडलं. पुढच्या ग्रामसभेला बायकांनी हॉल भरला आणि सड्यावरच्या बांधकामाला नकार देणारा ठराव झाला. त्यानंतर पुरुष आले. यश दिसलं की पुरुष येतातच. पण खोटं का बोलू, त्यांच्यामुळे आम्हाला बळही आलं. देवस्थानच्या कमिटीवरचे एक काका पुढे झाले आणि पंचायत निवडणुकीत आपली माणसं उभी करायचं ठरलं. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव होता. तिथून मी उभं राहायचं, यावर कोणाचंही दुमत नव्हतं.

भीती होती ती फुटण्याची. आमच्याकडे निवडून आलेला माणूस सकाळी कुठल्या पक्षात असतो आणि संध्याकाळी कुठल्या, हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. म्हणून काकांनी सुचवलं की अर्ज भरण्याआधी सगळ्यांनी गावच्या देवीसमोर नारळावर हात ठेवावा. मला ते शंभर टक्के पटलं. कागदावरच्या सहीला आमच्या गावात कोणी भीत नाही, देवीला सगळे भितात.

नेमका तेव्हाच माझ्या नवऱ्याचा चुलत चुलता वारला. कुळागराच्या, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेच्या, हद्दीवरून त्याचा आणि आमचा कोर्टात दावा चालू होता, वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. जिवंतपणी त्याने आम्हाला पुष्कळ छळलं आणि मेल्यावर सुतक देऊन गेला. भावकी ती भावकी. दहा दिवस देवळाची पायरी चढायची नाही. इकडे शपथेचा दिवस देवीचा कौल लावून ठरलेला, तो हलवता येणार नव्हता.

मी काकांना विचारलं, दुसरा काही मार्ग नाही का?

"तू आमचीच गो," काका म्हणाले. "तुका शपथ कित्याक?"

शपथेचीही गरज नाही इतका विश्वास, हे ऐकून मला बरं वाटलं होतं. शपथेच्या दिवशी मी देवळासमोरच्या बसस्टॉपवर जाऊन बसले. आतून देवीला घातलेलं गाऱ्हाणं ऐकू येत होतं. "ह्या गटातलो जो कोण एकलो फुटून जायत, ताका तूं बघून घे, माउली." आणि त्यावर सगळ्यांचं "व्हय माउली." त्या आवाजात मैत्रिणीचा आवाज मी ओळखला. मीही बसस्टॉपवर बसून व्हय माउली म्हटलं, पण ते कोण मोजणार.

पुढच्याच आठवड्यात कंपनीच्या ऑफिसातली एक बाई गाडी घेऊन माझ्या दारात आली. तिला ब्लाउज हवा होता. मी शिवून दिला. कात्रीला पक्ष नसतो, असं माझं मत होतं. गावाचं नव्हतं. गाडी सगळ्यांनी पाहिली आणि कुजबुज सुरू झाली. आधी म्हणायचे, तिला सुतक होतं, म्हणून तिने हात ठेवला नाही. मग बोलण्यातून सुतक गळलं आणि हात ठेवला नाही एवढंच राहिलं.

काकांनी मला बैठकीत बोलावलं. सगळा गट बसला होता.

"बाय, आता सुतक फिटलां," ते म्हणाले. "एकदा हात दवर आनी मोकळी हो."

बोलले ते मायेनेच. पण माझं डोकं फिरलं. सुतक फिटलं त्या दिवशी बोलावलं असतं तर मी धावत गेले असते.

"संशय आयलो म्हणून माका बोलयतात?" मी म्हटलं. "मग मी येवची ना."

मोडेन पण वाकणार नाही, हा आमच्या माहेरचा जुना रोग. मी नाही म्हटल्यावर कोणी समजूत काढली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी तिचा अर्ज भरला गेला. मला फार लागलं ते. तरी मत मी तिलाच दिलं.

ती निवडून आली. गटाचे आणखीही काही जण आले आणि पंचायत आमची झाली, म्हणजे त्यांची झाली. मग बंगल्यांना अनुकूल असलेल्या आमदारांची माणसं, आमच्या पक्षात या, म्हणत येऊ लागली. देवळाचा रस्ता, हॉलचं छप्पर, सरपंचपदाला पाठिंबा, सगळं देतो म्हणाली. काकांच्या घरी बैठका झाल्या. काहींना जायचं होतं, काहींना नव्हतं. शेवटी काकांनीच तोडगा काढला: आपण शपथ घेतली आहे, कोणी एकट्याने फुटायचं नाही, तेव्हा जायचं तर सगळ्यांनी मिळून जाऊ. आणि अख्खा गट हार घालून आमदारांच्या पक्षात गेला. फोटोत सगळे दिसतात. शपथ कोणीच मोडली नाही.

काही दिवसांनी मैत्रीण भर दुपारी माझ्याकडे आली. हातात कापड नव्हतं. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली.

"माका पक्षात जावचां नाशिल्लां," ती म्हणाली. जायचंच नव्हतं तिला.

"मग गेलंय कित्याक?"

"नारळार हात दवरलेलो मगे. एकटी मागे रवलंय तर मीच फुटलंय असां जातलां. घरात नातू आसा माझ्या. देवीन काय केलां म्हणजे?"

देवीला सडा दिसत नाही का, झर दिसत नाही का, मी बरंच काही बोलले. ती रडत होती. तिच्यासारखी सरळ बाई मी पाहिलेली नाही. लबाड असती तर शपथ विसरून घरी बसून राहिली असती. तिचा शब्दच तिला ओढून घेऊन गेला. उठताना पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुजां बरां झालां गो. तुका सुतक आयलां."

पुढे पंचायतीत बंगल्यांच्या परवान्याचा विषय आला तेव्हा तिनेही परवान्याच्या बाजूने हात वर केला. सड्यावर आता दिवसभर कातळ फोडण्याचा आवाज असतो. मशीन चालवताना मला तो पायाखालून जाणवतो. झरीला अजून पाणी आहे, पण हंडा भरायला पूर्वीपेक्षा खूप वेळ लागतो आणि ओळीतल्या बायका एकमेकींशी फारशा बोलत नाहीत.

काही लोक मला थांबवून सांगतात, गावात तू एकटी ठाम राहिलीस. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मान हलवते. पण त्या वर्षी माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माझ्या घरी आली होती, म्हणजे तान्हं बाळ माझ्याही घरात होतं. त्या म्हाताऱ्या चुलत्याने दहा दिवस उशिरा जीव सोडला असता तर मीही देवळात हात ठेवला असता, आणि मैत्रिणीच्या शेजारी, हार घालून, मीही त्या फोटोत असते.