लाल खुणेचा थर्मास

आमच्या घरात दोन थर्मास होते, दिसायला सख्खे जुळे. एकात चहा, दुसऱ्यात मेंढ्यांचे बीजांडकोश. दुसऱ्याच्या झाकणावर मी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता, कारण एकदा पाहुण्यांसमोर भलतंच झाकण उघडलं गेलं होतं.

लाल ठिपक्याचा थर्मास माझ्या धाकट्या जावेचा. सकाळी सगळे उठायच्या आत ती कोमट मिठाचं पाणी भरून कत्तलखान्यात जायची आणि तिथून थेट प्रयोगशाळेत. कत्तलखान्यातले लोक तिला थर्मासबाई म्हणत.

"लोक मांडी मागतात, फरा मागतात," तिथला खाटीक म्हणे, "ही बाई आम्ही फेकतो तेच मागते, आणि वर ताजं हवं म्हणते."

सासूबाईंना हे सगळं खुपायचं. "जगातल्या मेंढ्यांची कूस तपासते, स्वतःच्या घरात पाळणा नाही," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"मेंढ्या मला काही विचारत नाहीत, आई," ती पायात चपला सरकवत म्हणाली. "म्हणून तर रोज जाते."

मूल नको हे तिचं आणि माझ्या दिरांचं लग्नाआधीच ठरलेलं होतं. त्याचा खुलासा तिने कुणालाही दिला नाही, सासूबाईंनाही नाही.

तिचं खरं भांडण वेगळ्याच माणसाशी होतं. तिच्या विभागाचे प्रमुख असलेल्या सरांनी फार पूर्वी लिहून ठेवलं होतं की शरीरात पेशींना वाढवणारा जो एक घटक असतो, त्याचा बीजांडकोशातल्या हार्मोनवर काही परिणाम होत नाही. सगळे तेच शिकवत होते. तिला मात्र परिणाम दिसला, तोही चांगला ढळढळीत.

"मग सरांना कसा दिसला नाही?" मी पोळ्या लाटता लाटता विचारलं.

"ते पेशींना सीरममध्ये ठेवतात, वहिनी. म्हणजे रक्तातलं पातळ पाणी. त्यात तो घटक आधीच असतो. पोट भरलेल्या पोराला पुन्हा वाढायचं आणि खात नाही म्हणून स्वयंपाकाला नावं ठेवायची, असं झालं ते."

सीरमशिवाय पेशी मरत. कित्येक महिने मेल्या. ती रोज तोंड पाडून यायची आणि सकाळी पुन्हा थर्मास भरायची. शेवटी कशाने पेशी तगतात ते तिला सापडलं. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच.

सरांनी तिला खोलीत बोलावून घेतलं. शास्त्रज्ञांच्या वार्षिक सभेतलं तिचं भाषण त्यांनी काढून टाकलं होतं. तिच्या नोकरीची मुदत वाढवायची सहीही त्यांचीच होती, आणि त्याची आठवण त्यांनी फार गोड आवाजात करून दिली.

"गप्प बस वर्षभर," माझे दीर म्हणाले. "सही होऊ दे, मग बोल."

"सही झाली की पुढच्या सहीसाठी गप्प बसायचं. मग बोलायचं कधी?"

सभेला ती मला घेऊन गेली. "मागे वळले तर एक तरी घरचं तोंड दिसू दे," म्हणाली.

सर आपल्या जुन्या निष्कर्षावर छान बोलले. टाळ्या पडल्या. कुणाला काही विचारायचंय का, असं अध्यक्षांनी विचारलं, आणि माझी जाऊ मधल्या रांगेतून उठली. पदर खोचलेला, भांडी घासायला निघाल्यासारखी.

"सर, त्या पेशी सीरममध्ये होत्या ना?"

"अर्थात. सगळ्यांच्याच असतात."

"मग घटक त्यांना आधीच मिळालेला होता. तुम्ही जेवलेल्यांना वाढत होता."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. सर हसले नाहीत. "सीरमशिवाय पेशी जगत नाहीत, बाई. हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल."

"माझ्या जगतात. ज्यांना बघायचंय त्यांनी उद्या सकाळी या. बीजांडकोश मी आणते, हात तुमचे लावा. पेशी सीरममध्येही ठेवा आणि त्याच्याशिवायही. निकाल येईल तो येईल."

खुर्च्या करकरल्या. दुसऱ्या संस्थेतल्या एक पिकल्या केसांच्या बाई म्हणाल्या, "मी येते." मग आणखी दोघं.

बाहेर जिन्यात सरांनी तिला गाठलं. "तुमची मुदत महिनाअखेर संपते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "तोवर बऱ्याच मेंढ्या आहेत."

घरी आल्यावर दोन घास खाऊन ती झोपली.

सकाळी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून मी उठले. तिने दोन्ही थर्मास कोमट पाण्याने भरले होते.

"अगं, चहाचा कशाला?" सासूबाई दारातून म्हणाल्या.

"पाहुणे येणारेत, आई. एकाने भागायचं नाही."

"आणि आम्ही चहा कशात ठेवायचा?"

"पातेल्यात," मी म्हटलं. कपाटातून नेलपॉलिश काढलं आणि दुसऱ्या झाकणावरही लाल ठिपका लावला. तो वाळेपर्यंत ती एका पायावर उभी होती, मग फुंकर मारून निघाली.